गच्चीवरच्या टाकीच्या स्लॅबला क्लॅम्प फिटिंगचा संरक्षक कठडा : आखणीपासून तपासणीपर्यंत

सोसायटीच्या गच्चीला कठडा असतो. परंतु त्याच गच्चीवर आणखी एक मजला उंच असलेल्या लिफ्टच्या खोलीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या स्लॅबला बहुतेक इमारतींत काहीही नसते. तिथे प्लंबर जातो, टाकी धुणारी माणसे जातात, सोलरच्या काचा पुसणारा आणि केबल ओढणारा जातो, आणि यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण पाठमोरा, हातात काहीतरी धरून, कडेकडे सरकत काम करतो. अशा स्लॅबला पाइप आणि क्लॅम्प फिटिंग वापरून सुरक्षित कठडा कसा उभारावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरणासाठी ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद स्लॅब धरला आहे.

येथे अभिप्रेत असलेले क्लॅम्प फिटिंग म्हणजे ओतीव लोखंडाचा, गरम जस्तात बुडवून काढलेला पोकळ सांधा होय. त्यात पाइप सरकवायचा आणि षटकोनी ॲलन कीने ग्रब स्क्रू, म्हणजे बाहेर डोके नसलेला स्क्रू, आवळायचा, की स्क्रूचे वाटीसारखे कडक टोक पाइपच्या पृष्ठभागात रुतते आणि सांधा पक्का होतो. ही पद्धत १९३४ साली इंग्लंडमध्ये, गायींच्या गोठ्यातील दूध काढण्याची ठाणी उभारण्यासाठी निघाली. वेल्डिंग लागत नाही, आटे पाडावे लागत नाहीत आणि वाकलेला एखादा पाइप पुढे बदलता येतो. उंचावर वेल्डिंगचे मशीन, केबल आणि ठिणग्या न नेता काम होते, हा टाकीच्या स्लॅबवर मोठाच फायदा आहे. शिवाय वेल्डिंगने जीआय पाइपवरचे जस्त जळून सांध्यापाशीच गंज सुरू होतो आणि त्या जस्ताचा धूर छातीत गेलेल्या कारागिराला ताप भरतो, तेही टळते.

बाजारात ‘क्लॅम्प’ म्हटले की दुकानदार अनेकदा परांचीचे, म्हणजे स्कॅफोल्डिंगचे, नटबोल्टवाले कपलर काढून देतो. तेही ४८.३ मिलिमीटर व्यासाच्या पाइपवर बसतात, त्यामुळे गोंधळ होतो. ते तात्पुरत्या परांचीसाठी असतात आणि त्यांचे बाहेर आलेले बोल्ट कायमच्या कठड्यावर हात-कपडे अडकवतात. दोन्ही प्रकार एका कठड्यात मिसळू नयेत.

आणखी एक मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. दोन आडव्या पाइपांचा हा कठडा कामासाठी चढणाऱ्या प्रौढ माणसांसाठी आहे. जिथे मुले पोहोचू शकतात त्या मोकळ्या गच्चीला किंवा बाल्कनीला तो चालणार नाही. आडवा पाइप मुलांना शिडीसारखा वापरता येतो. तिथे उभ्या गजांची, १० सेंटिमीटरपेक्षा कमी फटीची जाळीच हवी.

आधी भार, मग पाइप

कठड्याची उंची कोब्याच्या पूर्ण झालेल्या पृष्ठभागापासून १.१ मीटर धरावी आणि मधला पाइप ५५ सेंटिमीटरवर घ्यावा. भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात छतावरच्या कठड्यांसाठी, गर्दीची ठिकाणे सोडून, प्रति मीटर ०.७५ किलोन्यूटन आडवा भार धरायला सांगितले आहे. म्हणजे प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ७६ किलोचा धक्का, तोही वरच्या पाइपाच्या पातळीला. गर्दी लोटू शकते अशा ठिकाणी हाच आकडा तिप्पट होतो.

खांब १ मीटर अंतरावर ठेवले, तर एका खांबाच्या बुडाशी ०.७५ गुणिले १.१, म्हणजे सुमारे ०.८३ किलोन्यूटन-मीटर इतका वाकविणारा जोर येतो. भारतीय मानक १२३९प्रमाणे ४० मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे आतल्या पोकळीच्या ढोबळ मापाच्या, पाइपचा बाहेरील व्यास ४८.३ मिलिमीटर असतो. निळ्या पट्ट्याच्या बी क्लासची जाडी ३.२ आणि लाल पट्ट्याच्या सी क्लासची ४ मिलिमीटर असते. या जोराने बी क्लासच्या खांबात सुमारे १७२ आणि सी क्लासच्या खांबात सुमारे १४५ मेगापास्कल ताण निर्माण होतो. साध्या पोलादी नळ्या २१० मेगापास्कलच्या आसपास कायमच्या वाकू लागतात, हे ध्यानात घेतले की बी क्लासमध्ये हाताशी फारसे काही उरत नाही, असे दिसते. खांबांचे अंतर ‘पाइप वाचतो’ म्हणून दीड मीटर केले, तर बी क्लासमधला ताण २५८ मेगापास्कलपर्यंत जातो. म्हणजे तो खांब वाकणार. म्हणून या कामात खांब सी क्लासचे आणि १ मीटर अंतरावर घ्यावेत; आडवे पाइप बी क्लासचे चालतात. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास या कामात कुठेही वापरू नये, कारण त्याची भिंत पातळ असल्याने आवळलेला स्क्रू तिच्यात रुतण्याऐवजी तिला खोलगट करण्याची भीती असते.

याच हिशोबात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. खांब ज्या ब्रॅकेटवर उभा आहे त्याच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत १०० मिलिमीटर अंतर असेल, तर वर ७६ किलोचा धक्का बसताच वरच्या बोल्टवर सुमारे साडेआठशे किलोची ओढ येते. कठडा कोसळतो तेव्हा पाइप तुटलेला क्वचितच आढळतो. बोल्ट मुळासकट निघून आलेला असतो. त्यामुळे या कामातला निम्मा विचार खांबाच्या पायाचा असला पाहिजे.

पाया : कोबा हा आधार नव्हे

आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोबा असतो. विटांच्या तुकड्यांचा हा थर पाणी उतरविण्यासाठी आणि थोपविण्यासाठी आहे. अँकर, म्हणजे भोकात पक्का केलेला बोल्ट, धरण्यासाठी नाही. कोब्यात बसविलेला अँकर फास्टनर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि प्रत्येक हादऱ्यानिशी भोवतालची वीट भुगा होत जाते. लांब बोल्ट घेऊन कोबा भेदून खालच्या स्लॅबपर्यंत जाण्याचा मार्ग काही जण घेतात. परंतु त्यात वॉटरप्रूफिंगला वीस ठिकाणी भोके पडतात, आणि पहिल्या पावसाळ्यातच खालच्या लिफ्टच्या यंत्रावर गळती सुरू झाली की सोसायटी तो कठडाच उपटून टाकते.

म्हणून शक्य असेल तिथे खांब स्लॅबच्या वरून न बसविता कडेच्या बीमच्या उभ्या बाजूवर, बाजूला बसणाऱ्या ब्रॅकेटमध्ये बसवावेत. तिथे काँक्रीट सलग मिळते आणि वॉटरप्रूफिंगला हात लागत नाही. मात्र हे बीमवरच करावे. नुसत्या साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबच्या कडेत आडवे भोक पाडले, तर वर-खाली जेमतेम सहा सेंटिमीटर काँक्रीट उरते आणि ताणाखाली त्याची कड फुटून निघते. पाण्याच्या काँक्रीटच्या टाकीच्या भिंतीत तर कोणतेही भोक पाडू नये. कडेला बीम नसेल, तर मोजलेल्या वजनांवर उभे राहणारे तयार कठडे मिळतात, त्यांचा विचार करावा. पण वाळूची पोती आणि सिमेंटचे ठोकळे ठेवून स्वतः तशी रचना जुळवू नये.

भोके पाडण्यापूर्वी इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल काढून वाचावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करावयाचे असते, त्यामुळे तो अहवाल सोसायटीच्या कपाटात असायला हवा. टाकीखालचे बीम सतत ओलाव्यात असल्याने त्यांचे लोखंड सगळ्यात आधी फुगते. हातोडीने बीम ठोकून पाहावा; खणखणीत आवाजाऐवजी पोकळ, बसका आवाज आला किंवा तांबूस रेघेची भेग दिसली, तर आधी दुरुस्ती करावी आणि मगच कठडा. खांबांचा हा नकाशा आणि अँकरची निवड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही करून घ्यावी. वीस-पंचवीस खांबांच्या कामात ही फी जड नसते, आणि वरील आकडे ही त्याच्याशी बोलण्याची तयारी आहे, त्याच्या हिशोबाला पर्याय नव्हे.

कडेजवळ फुगणारे अँकर काँक्रीट फाडतात. तिथे रेझिनचा, म्हणजे केमिकल अँकर बरा. बारा मिलिमीटरच्या बोल्टसाठी साधारणतः १४ मिलिमीटर व्यासाचे आणि ११० मिलिमीटर खोल भोक लागते. भोकातली धूळ हवेने फुंकावी, ब्रशने घासावी आणि पुन्हा फुंकावी. हे दोनदा करावे. तोंडाने फुंकर मारून काम भागविणारे कारागीर असतात, आणि नेमका तोच बोल्ट धुळीच्या थराला चिकटून राहतो, काँक्रीटला नाही. रेझिन भोकाच्या तळापासून भरत यावे, बोल्ट फिरवत आत घालावा आणि पत्रकात लिहिलेला वेळ संपेपर्यंत त्याला स्पर्शही करू नये. ड्रिल सळईला लागले तर सळई कापू नये. भोक सरकवावे आणि जुने भोक भरून टाकावे. निदान दोन-तीन बोल्ट पुरवठादाराकडच्या यंत्राने ओढून तपासून घ्यावेत.

साहित्य आणि कापणी

आपल्या स्लॅबचा परीघ २० मीटर आहे. कोपऱ्यावर खांब न ठेवता दोन्ही बाजूंना कोपऱ्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर खांब घ्यावेत आणि पाइप कोपऱ्यात काटकोनी एल्बोने जोडावेत. शिडीच्या तोंडाशी दोन स्वतंत्र खांब धरून एकूण २४ खांब होतात. खांबाची लांबी ब्रॅकेटमधील भाग धरून सुमारे १.३५ मीटर, म्हणजे ६ मीटरच्या एका पाइपात चार खांब निघतात आणि सी क्लासचे ६ पाइप पुरतात. आडव्या पाइपांना वर २० आणि मध्ये २० मीटर, म्हणून बी क्लासचे ८ पाइप घ्यावेत; तुकडे आणि दरवाजा त्यातच निघतात.

खांबाच्या माथ्यावर टी लागते, जिच्यातून वरचा पाइप सलग जातो आणि खांब खालून आत बसतो. मधल्या पातळीला क्रॉसओव्हर घ्यावा. त्यात खांब आणि आडवा पाइप दोन्ही न कापता शेजारून जातात. आडवा पाइप नेहमी खांबाच्या आतल्या बाजूला ठेवावा, म्हणजे माणसाचा धक्का पाइपमार्फत खांबावर दाबला जातो आणि केवळ स्क्रूवर लटकत नाही. कोन बदलता येणारे बिजागरीचे फिटिंग तिरक्या आधारासाठी ठीक आहे. खांबाच्या बुडाशी ते कधीही वापरू नये, कारण ते वाकविणारा जोर घेतच नाही.

फिटिंग विकत घेताना पाइपचा तुकडा सोबत न्यावा. पाइप बोअरच्या मापाने विकला जातो आणि फिटिंग बाहेरील व्यासावर बसते. ४० बोअरच्या पाइपला ४८.३चे फिटिंग हवे. सैल बसणाऱ्या फिटिंगमध्ये पत्र्याची पट्टी घालून भागवू नये. निर्मात्याचे भारांचे पत्रक ज्या फिटिंगला नाही, ते स्वस्त असले तरी या कामासाठी घेऊ नये.

पाइप काटकोनात कापावा, आतली-बाहेरची धार कानशीने काढावी आणि कापलेल्या तोंडाला जस्ताचा रंग लावावा. टोकाला घट्ट टोपण बसवावे, नाहीतर पावसाचे पाणी आत साचते आणि गांधीलमाश्या घर करतात. पाइपला रंग द्यायचा असल्यास जोडणीनंतर द्यावा. स्क्रूखाली रंगाचा मऊ थर राहिला, तर तो काही महिन्यांत दबतो आणि स्क्रू सैल होतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत नुसती चमकदार मुलाम्याची फिटिंग लवकर गंजतात. तिथे गरम जस्ताचीच घ्यावीत.

उभारणी

एक अडचण कागदावर दिसत नाही आणि स्लॅबवर गेल्यावर काम अडवते. बंद तोंडाच्या क्रॉसओव्हरमधून ६ मीटरचा पाइप ओवायचा, तर तो स्लॅबच्या बाहेर हवेत ६ मीटर धरावा लागेल. म्हणून आडवे पाइप ३ मीटरचे करावेत, तीन खांब आणि दोन आडवे पाइप यांची एक चौकट स्लॅबवर आडवी ठेवून जुळवावी आणि मग उभी करावी. खांबावर आधी मधला क्रॉसओव्हर सरकवावा, नंतर माथ्याची टी चढवावी. हा क्रम विसरला की टी काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. स्क्रू या वेळी फक्त पाइप घसरणार नाही इतकेच आवळावेत.

अशा चौकटीचे वजन फिटिंगसह ४५ किलोंच्या घरात जाते आणि ती नेमकी कडेपाशी उभी करायची असते. संपूर्ण कामातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच आहे. चौघांनी काम करावे, चौकटीला दोरी बांधून दोरीचे टोक मागे पक्के करावे आणि खालच्या रस्त्यावर पट्टी बांधून एक माणूस उभा ठेवावा. कडेजवळच्या प्रत्येकाने फुल बॉडी हार्नेस घालावा आणि त्याची दोरी स्लॅबवरच्या स्वतंत्र, तपासलेल्या अँकरला अडकवावी. अर्धवट उभ्या कठड्याला ती अडकविणे म्हणजे ज्याच्यापासून वाचायचे त्यालाच धरणे होय. जवळून विजेच्या तारा जात असतील, तर ६ मीटरचे पाइप उभे करून वर नेऊ नयेत. गच्चीवरच तुकडे करून घ्यावेत. पावसात, वाऱ्यात आणि दिवेलागणीनंतर हे काम थांबवावे.

ब्रॅकेट आधीच सुताने एका रेषेत आणि पाण्याच्या नळीने एका पातळीत बसविलेले असले, की तिन्ही खांब वरून एकदम त्यांत उतरतात. कोब्याला उतार असतो, त्यामुळे फरशीवरून टेपने उंची मोजली तर वरचा पाइप तिरपा दिसतो. पातळी नळीनेच घ्यावी आणि जिथे कोबा सर्वांत उंच आहे तिथेही १.१ मीटर राहील असे पाहावे. दोन चौकटींमधला जोड बाहेरून चढणाऱ्या स्लीव्हने करावा. स्लीव्ह एका पाइपवर पूर्ण सरकवून ठेवावी आणि दुसरा पाइप समोर आला की परत ओढून जोडाच्या मधोमध आणावी. हा जोड खांबापासून २० सेंटिमीटरच्या आत असावा, आणि दोन खांबांमधल्या एकाच गाळ्यात वरचा व मधला असे दोन्ही जोड येऊ देऊ नयेत.

स्क्रू आवळणे

सर्व खांब ओळंब्यात आले की मग स्क्रू आवळायचे: आधी ब्रॅकेटचे, नंतर माथ्याच्या टीचे, शेवटी मधल्या पाइपचे. या मापाच्या नामांकित फिटिंगसाठी ३९ न्यूटन-मीटर पीळ सांगितलेला असतो आणि तेवढा दिल्यास एक स्क्रू पाइपच्या दिशेने ९०० किलोपर्यंतची घसरण रोखतो. आपल्या फिटिंगच्या पत्रकात वेगळा आकडा असेल, तर तो पाळावा. पंधरा सेंटिमीटरच्या साध्या ॲलन कीने ३९ न्यूटन-मीटर देण्यासाठी तिच्या टोकावर २६ किलोंचा जोर लावावा लागतो. बोटांनी पकडलेल्या कीवर इतका जोर कुणीही शंभर-सव्वाशे स्क्रूंना एकसारखा लावू शकत नाही. ‘घट्ट झाला’ असे वाटते तेव्हा निम्म्याच्या आतच असतो. म्हणून टॉर्क रेंच हवाच. तो भाड्यानेही मिळतो. उलट बाजूने, कीला पाइप चढवून पीळ देणेही वाईट: त्याने पाइप चेपतो किंवा फिटिंगच्या कानाला केसासारखी भेग जाते, जी दिसत नाही आणि पुढे उमलते.

नीट बसलेला स्क्रू सोडवून पाहिला, तर पाइपवर जस्त कापून गेलेली स्वच्छ, गोल, चकचकीत कडी उमटलेली दिसते. कडी अर्धीच असेल, तर पाइप फिटिंगमध्ये तिरपा बसला आहे. खरवडल्यासारखी लांब रेघ असेल, तर स्क्रू आवळताना पाइप फिरला आहे. पहिल्या चौकटीतले दोन-तीन स्क्रू असे मुद्दाम सोडवून पाहावेत. त्या खुणेवर पुन्हा स्क्रू बसवू नये. पाइप थोडा फिरवून नव्या जागेवर आवळावा.

प्रत्येक स्क्रू आवळला की स्क्रूच्या माथ्यावरून फिटिंगपर्यंत पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढावी. पुढे स्क्रू किंचित जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. शिवाय ज्यावर रेघ नाही तो राहून गेला आहे, हेही त्याच क्षणी कळते.

शिडीचे तोंड आणि पायपट्टी

शिडीपाशी साखळी लावून सोडण्याची पद्धत मोडून काढली पाहिजे. साखळी पहिल्या दिवशी लागते आणि मग कायमची लोंबत राहते. तिथे आपोआप बंद होणारा, आतल्या बाजूला, म्हणजे स्लॅबकडे उघडणारा दरवाजा हवा. बाहेर उघडणारा दरवाजा टेकणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जातो. शिडीचे दोन्ही उभे दांडे स्लॅबच्या वर १.१ मीटर गेलेले असावेत, म्हणजे पाय स्लॅबवर पडेपर्यंत हातात धरायला काहीतरी राहते.

कडेने १० ते १५ सेंटिमीटर उंचीची पत्र्याची पायपट्टी खांबांना क्लिपने बसवावी. स्लॅबवरून घरंगळलेला पाना पाच मजले खाली कुणाच्या डोक्यात जाऊ नये, यासाठी ती आहे. तिच्याखाली पावसाचे पाणी जाण्यापुरती, बोटभर फट ठेवावी. इमारतीला वीजरोधक असल्यास कठडा त्याच्या पट्टीला जोडण्याविषयी इलेक्ट्रिशियनला विचारावे.

वापर आणि तपासणी

कठडा पडण्यापासून अडविण्यासाठी आहे. ओझे पेलण्यासाठी नाही. रंगाऱ्याचा झुला, टाकी वर ओढण्याची दोरी किंवा हार्नेस त्याला बांधू नये. उत्सवाचा फ्लेक्स तर मुळीच नको. मुंबईसाठी मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरलेला आहे. ४४ मीटरला दर चौरस मीटरमागे सुमारे ११८ किलोचा दाब येतो. मोकळ्या पाइपांमधून वारा निघून जातो, परंतु पूर्ण उंचीचा फ्लेक्स बांधला की माणसांच्या धक्क्यासाठी धरलेला सगळा जोर एकटा वाराच वापरून टाकतो. पावसाळ्यात ताडपत्री बांधल्यानेही हेच होते.

पहिली तपासणी उभारणीनंतर महिन्याभरात, नंतर दरवर्षी एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर करावी. स्क्रूवरच्या रेघा पाहाव्यात, दर पाचवा स्क्रू टॉर्क रेंचने तपासावा आणि त्यांपैकी एकही सैल निघाला तर सगळे तपासावेत. ब्रॅकेटभोवती तांबूस ओघळ किंवा काँक्रीटची बारीक भेग दिसल्यास तो भाग लगेच बंद करावा. एखाद्या खांबाला जोराचा मार बसून तो वाकला असेल, तर तो सरळ न करता बदलावा, आणि त्याचे अँकर बोल्टही पुन्हा ओढून तपासावेत. तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि बदललेले भाग यांची नोंद सोसायटीच्या वहीत ठेवावी आणि फिटिंगचे पत्रक व इंजिनिअरचा नकाशा त्याच वहीत चिकटवून ठेवावा, म्हणजे समिती बदलली तरी पुढच्या माणसाला पीळ किती द्यायचा आणि खांब कशावर उभे आहेत हे शोधत बसावे लागणार नाही.